विषय: अमळनेर ते पुणे, गाडी जळगावला बदलायची की भुसावळला? (आज रात्रीच तिकीट काढायचंय)

अमळनेरकर:

मंडळी, राम राम.

आई-दादांचं पुण्याला जायचं नक्की झालं. आपण सगळे इकडे परदेशात, तेव्हा तिकिटाचं इथूनच बघायचंय. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, गुडघ्यांचं सगळ्यांना माहीत आहेच. जिना अजिबात नाही, सपाट जागेवर काठी घेऊन शंभरेक पावलं. कारमध्ये इतका वेळ पाय दुमडून बसायला डॉक्टर नको म्हणतात, म्हणून रेल्वेच. सकाळी अमळनेरहून नवजीवन एक्स्प्रेस, संध्याकाळी महाराष्ट्र एक्स्प्रेस. बदल कुठे करायचा, एवढंच अडलंय. 2024 च्या अमळनेरच्या साहित्य संमेलनाच्या वेळी आपल्या मंडळाच्या लिस्टवर यावर बोलणं झालं होतं, पण ते येणाऱ्यांसाठी होतं. भाचा सोबत जातोय.

जळगावकर:

जळगाव. यात विचार करण्यासारखं काय आहे? सुरतेची लाइन जळगावलाच मुख्य लाइनला मिळते. भुसावळपर्यंत 24 किलोमीटर पुढे जायचं आणि संध्याकाळी तेच 24 मागे येऊन पुन्हा जळगाववरूनच पुण्याकडे जायचं. भाडंही जास्त, वेळही जास्त.

भुसावळकर नाना:

भाऊ, किलोमीटर मोजू नका, गाडी किती मिनिटं उभी राहते ते मोजा. जळगावला बहुतेक एक्स्प्रेस दोन-तीन मिनिटं थांबतात. भुसावळ हे रेल्वे विभागाचं मुख्य ठिकाण, तिथे ड्रायव्हर-गार्ड बदलतात, डब्यांत पाणी भरतात, म्हणून गाडी निवांत उभी असते. गुडघे धरलेल्या माणसाला डब्याच्या पायऱ्या चढायलाच दीड-दोन मिनिटं लागतात. आधी एक पाय, मग दांडी पकडून दुसरा, मग श्वास. मागे चार बॅगा घेऊन लोक ढकलत असतात ते वेगळंच. उतरणं एक वेळ दोन मिनिटांत होतं, चढणं होत नाही.

जळगावकर:

तयारी असली की दोन मिनिटं पुरतात. डबा कुठे लागणार ते इंडिकेटरवर येतं, खांबांवर डब्यांचे नंबर असतात. हमाल अर्धा तास आधी ठरवून ठेवायचा आणि डबा जिथे लागतो तिथेच उभं राहायचं. उतरताना स्टेशनच्या पंधरा मिनिटं आधी दारापाशी यायचं. लोक गाडी थांबल्यावर सीटवरून उठतात, तिथेच घोळ होतो.

पाचोरेकर आप्पा:

दोघंही भांडताय, पण सकाळी उतरून संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या माणसांनी करायचं काय? नवजीवन कशाला हवी? दुपारची पॅसेंजर घ्या, जळगावला तासाभरात पुढची गाडी. दिवस वाया जात नाही. सोबत दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्या. भाकरी देऊ नका, संध्याकाळपर्यंत कडक होते आणि दादांना चावत नाही.

नंदुरबारची ताई:

आप्पा, दशम्यांबद्दल शंभर टक्के. पॅसेंजरबद्दल मात्र नाही, कारण सांगते.

पॅसेंजरचं तिकीट अनारक्षित, त्याला पीएनआर (आरक्षणाचा नंबर) नाही. ती उशिरा आली आणि पुण्याची गाडी सुटली, तर रेल्वेच्या हिशेबी तुम्ही गाडीवर पोचलाच नाहीत. पुढच्या तिकिटाचे पैसे गेले.

एप्रिल 2019 पासून दोन पीएनआर एकमेकांना जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचा चार्ज न कापता परत मिळतात. पण लोक तीन ठिकाणी अडकतात.

पहिलं, दोन्ही तिकिटांवर नावं, वय, लिंग तंतोतंत सारखं हवं. एकावर आधारप्रमाणे पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर घरी चालतं ते छोटं नाव घातलं की जोडणी होत नाही.

दुसरं, पहिली गाडी जिथे उतरवते आणि दुसरी जिथून धरायची, ते स्टेशन एकच हवं. पहिलं तिकीट अमळनेर-जळगाव आणि दुसरं भुसावळ-पुणे काढलं तर ते दोन वेगळे प्रवास झाले. म्हणून जळगाव की भुसावळ ते आधी ठरवा आणि दोन्ही तिकिटांवर तेच घाला.

तिसरं आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चुकली तर पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून 3 तासांत टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरावा लागतो, आणि ई-तिकिटाचा टीडीआर रेल्वेच्या वेबसाइटवरच्या ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यातून जातो. खातं तुझं असेल तर इकडे रात्रीचे तीन वाजले असले तरी तुलाच उठून भरावा लागेल. त्यापेक्षा भाच्याच्या खात्यातून काढ.

पाचोरेकर आप्पा:

पटलं ताई. मग नवजीवनच.

जळगावकर:

सकाळची नवजीवन आणि संध्याकाळची महाराष्ट्र म्हणजे मध्ये अख्खा दिवस आहे. एवढं अंतर असताना जोडणी केली काय, न केली काय. आणि दिवस काढायला नाना भुसावळची रिटायरिंग रूम सांगतील, पण बहुतेक स्टेशनांवर त्या खोल्या वरच्या मजल्यावर असतात. दादांना जिना नाही. जळगावला मावशींचं घर आहे ना? तिथे आराम करू द्या.

भुसावळकर नाना:

रिटायरिंग रूमचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. ती पीएनआरवर 12 किंवा 24 तासांसाठी ऑनलाइन मिळते, पण तिथे मजला दिसत नाही. बुक करण्याआधी स्टेशनवर फोन करून खोली कुठे आहे आणि लिफ्ट चालू आहे का, हे भाच्याने विचारलंच पाहिजे. वर असेल तर प्लॅटफॉर्मवरची वेटिंग रूम घ्या. सामान क्लोक रूममध्ये ठेवता येतं, त्याला कुलूप मात्र लावलेलं हवं.

मावशींच्या घराचं म्हणाल, तर दादांची उठबस मोजून पाहा. गाडीतून उतरा, रिक्षात बसा, रिक्षातून उतरा, घरी. संध्याकाळी पुन्हा रिक्षा, पुन्हा उतरणं, आणि शेवटी जळगावच्या दोन मिनिटांत चढणं. भुसावळला गाडीतून उतरून थेट व्हीलचेअर, वेटिंग रूम, पुन्हा व्हीलचेअर आणि गाडी. गुडघ्याचा माणूस बसून दमत नाही, उठण्याने दमतो.

आता व्हीलचेअरचं नीट वाचा, इथेच सगळ्यांची गडबड होते.

व्हीलचेअर स्टेशनची असते, ती गाडीबरोबर येत नाही. म्हणून अमळनेरला चढताना, भुसावळला उतरताना, भुसावळलाच संध्याकाळी चढताना आणि पुण्याला उतरताना अशा चार मागण्या होतात. रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर किंवा रेलमदद ॲपवर पीएनआर, डबा, सीट नंबर आणि कुठल्या स्टेशनवर काय हवं ते सांगायचं. तेवढ्यावर विसंबू नका. सकाळी नोंदवलेलं काम दुपारी पाळी बदलली की पुढच्याला माहीत असेलच असं नाही. म्हणून गाडी पोचायच्या अर्धा तास आधी पुन्हा फोन करायचा आणि गाडी उशिरा असेल तर तेही सांगायचं.

चढायच्या स्टेशनवर भाच्याने थेट उपस्टेशन अधीक्षकांच्या ऑफिसात जायचं. ओळखपत्र दाखवून खुर्ची मिळते, तिचे पैसे नाहीत. ढकलायला हमाल लागला तर त्याचा दर बोर्डावर लिहिलेला असतो, आधी तो वाचा आणि मग ठरवा. हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला बघा आणि नंबर भाच्याने मोबाईलमध्ये टिपून ठेवावा. संध्याकाळी तोच माणूस हवा असेल तर बिल्ल्याच्या नंबरवरून सापडतो.

प्लॅटफॉर्म बदलायचा असेल तर जिना टाळून दोन वाटा असतात, लिफ्ट किंवा प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या उतारावरून रूळ ओलांडणं. दुसरी वाट फक्त रेल्वेच्या माणसाबरोबर. स्वतःहून खुर्ची त्या उतारावर नेऊ नका, चाक रुळाच्या खाचेत अडकतं.

आणि खुर्ची डब्यात शिरत नाही. दारापासून सीटपर्यंत चालावंच लागतं, तेव्हा सीट दाराजवळच्या कप्प्यात मिळाली तर बघा.

कार्यकारिणी:

कृपया विषयाची ओळ बदलू नका, मागच्या वेळी अर्धी उत्तरं वेगळ्या धाग्यात गेली आणि शोधता आली नाहीत. दिवाळी फराळाच्या ऑर्डरी या धाग्यात टाकू नयेत. नाना, वरचं व्हीलचेअरचं टिपण मंडळाच्या फाइलमध्ये ठेवतोय.

जळगावकर:

चढायचं म्हणाल तर भुसावळ, हे मान्य. उतरायला मात्र जळगावही चालतं, यावर मी ठाम आहे. उतरताना आधी माणूस खाली, मग सामान. लोक आधी बॅगा फेकतात आणि गाडी हलली की माणूस आत राहतो. बॅग पुढच्या स्टेशनवरून आणता येते.

नंदुरबारची ताई:

जळगावला उतरून संध्याकाळी भुसावळला चढायचं तर मध्ये 24 किलोमीटर रस्ता आला, म्हणजे नाना म्हणतात ती उठबस आणखी दोनदा. मी भुसावळच म्हणेन.

बर्थ निवडताना कोटा ‘सीनियर सिटिझन’ घाल. पुरुषांना 60 आणि बायकांना 45 वर्षं पूर्ण लागतात, आणि तिकिटावर एक किंवा दोनच जण हवेत. भाच्याला त्याच तिकिटावर घातलंस तर खालच्या बर्थचा कोटा लागत नाही. त्याचं तिकीट वेगळं काढ, त्याच डब्यात मिळालं तर उत्तम. हा नियम ठाऊक नसल्याने लोक तिघांचं एकत्र काढतात आणि दादांना वरचा बर्थ येतो.

भुसावळकर नाना:

तारखेचं सांगायचं राहिलं. नवजीवन अहमदाबादहून रात्री निघते आणि अमळनेरला दुसऱ्या दिवशी येते. तिकीट अमळनेरहून जी तारीख असेल तिचं काढायचं, गाडी सुटते त्या तारखेचं नाही. तू इकडून बघतेस, त्यात घड्याळ वेगळं. वेबसाइटवर ‘अमळनेर’ घालून भारताच्या तारखेनेच शोध. तसंच महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याला पहाटे पोचते, तेव्हा स्टेशनवर घ्यायला येणाऱ्याला पुढची तारीख सांग. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, 10 रुपये. फार आधी काढून ठेवू नका.

पाचोरेकर आप्पा:

पहाटे उठायचं तर 139 ची जागं करायची सोय आहे, स्टेशन यायच्या 20 मिनिटं आधी फोन येतो. पण दादांना गोळ्यांमुळे गाढ झोप लागते, भाच्याच्या नंबरवर लावा.

नंदुरबारची ताई:

हो, आणि नंबरचीच एक गोष्ट. तिकीट काढताना ‘प्रवाशाचा मोबाईल’ म्हणून भाच्याचा भारतातला नंबर घाल. चार्ट, डबा, गाडी उशिराची खबर सगळं त्याच नंबरवर जातं. आपण सवयीने खात्यातलाच नंबर राहू देतो, मग मेसेज भलतीकडे येतात आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला काही कळत नाही. 139 आपल्याला इकडून लागतही नाही, तेव्हा तेही भाच्याकडेच सोपव.

अमळनेरकर:

सगळ्यांचे आभार. तिकिटं निघाली, भाच्याच्या खात्यातून. आई-दादांचं एकत्र, सीनियर सिटिझन कोट्यात, दोघांना खालचे बर्थ. भाच्याचं वेगळं, त्याच डब्यात. दोन्ही गाड्यांवर भुसावळच ठेवलं आणि नावं आधारप्रमाणे घातली. आप्पा, दशम्या आई स्वतःच करणार आहे, पण तुमचा निरोप सांगितला. ती म्हणाली, बठ्ठं बराबर व्हई (सगळं नीट होईल).

नाना, भाच्याने भुसावळला फोन केला. खोली वरच्या मजल्यावरची मिळत होती म्हणून बुक केली नाही. वेटिंग रूममध्ये थांबतील. दादांना दुपारी आडवं व्हायला लागतं, तेव्हा तिथल्या बाकांना मधे हात आहेत का, एवढं कुणी पाहिलेलं असेल तर कळवा. हात असतील तर पातळ गादी सोबत देते.