शब्दचर्चा : 'बालसैनिक', 'निरागसता हरवणं' आणि युद्धाला जुंपलेली लेकरं

आर्वीकर
लहानपणी हाती बंदूक दिलेल्यांनी मोठेपणी लिहिलेल्या आठवणी मराठीत आणताना दोन ठिकाणी पेन अडतो. एक 'बालसैनिक', दुसरं 'निरागसता हरवली'. दोन्ही प्रयोग पेपरात सर्रास दिसतात, पण त्यांनी अर्थ पोचतो असं वाटत नाही. वाचणारे गावच्या वाचनालयातले आहेत, त्यात दहावी-बारावीची पोरंही आहेत. शब्द कुठे चालेल, कुठे फसेल आणि का, हे जाणकारांनी सांगावं.

दर्यापूरकर
आधी 'बाल' पाहू. बालवाडी, बालगीत, बालनाट्य, बालकलाकार. मराठीत हा शब्द पुढे लागला की कौतुक आपोआप चिकटतं. 'बालवीर' तर स्काउटसाठी रूढ झाला. त्या रांगेत 'बालसैनिक' उभा केला की प्रभातफेरीतलं गणवेश घातलेलं पोरगं डोळ्यांपुढे येतं. 'बालकामगार' हा एक शब्द या कौतुकातून सुटला. कायदा, धाडी, खटले, चळवळी यांनी वर्षानुवर्षं वापरून त्याला त्याची दुखरी बाजू दिली. 'बालसैनिक' अजून तिथवर आलेला नाही.

पर्याय म्हणून 'बालशिपाई' सुचवतात. पण आपल्याकडे शिपाई म्हटलं की तहसील कचेरीतला नाहीतर शाळेतला. 'बालयोद्धा' तर नकोच. वाचक थेट अभिमन्यूवर जातो: चक्रव्यूहात शिरणं ठाऊक, बाहेर निघणं ठाऊक नाही. उपमा जवळची वाटते, पण ती उलटी बसते. अभिमन्यू शिकवून तयार केलेला राजपुत्र, त्याला रणात मरण आलं आणि त्याचा गौरव झाला. आठवणी लिहिणारं पोर जिवंत बाहेर आलेलं असतं. व्यूहाबाहेर पडल्यावर जगायचं कसं, हाच त्याच्या पुस्तकाचा अर्धा भाग असतो.

दुसऱ्या भाषांनी काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. युगांडा आणि काँगोत अशा मुलांना 'कडोगो' म्हणत. स्वाहिलीत अर्थ 'इवलासा'. जर्मनीत १९४३ पासून शाळकरी मुलं विमानविरोधी तोफांवर लावली, त्यांना 'फ्लाकहेल्फर' म्हणत, म्हणजे तोफखान्याचे मदतनीस. एका शब्दात लाड आहे, दुसऱ्यात कामाचा साधेपणा आहे, आणि दोन्हींनी तोफ झाकली जाते. मराठी शब्द निवडताना हीच चूक टाळायची. (जाता जाता: 'कडोगो' लिहिलं तर प्रुफं स्वतः तपासा. संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस त्याचं 'कोडगा' करतो आणि वाक्याचा घात होतो.)

आरमोरीकर
दर्यापूरकर भाऊंनी 'बाल'ची अडचण सांगितली, मी 'सैनिक'ची सांगते. या मुलांपैकी कितीतरी जणांनी बंदूक चालवलेलीच नसते. पाणी आणणं, रांधणं, ओझी वाहणं, निरोप पोचवणं, पुढच्या गावात कोण आहे ते पाहून येणं ही कामं त्यांच्याकडे. मुलींवर याच्या जोडीला शरीराची जबरदस्ती. म्हणून अशा मुलांबाबतच्या फेब्रुवारी २००७ च्या आंतरराष्ट्रीय 'पॅरिस तत्त्वां'मध्ये सैनिक शब्दाच्या पुढे जाऊन 'सशस्त्र दल किंवा गटाशी जोडलं गेलेलं मूल' अशी व्याख्या केली. वय १८ च्या आत आणि काम कोणतंही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये युद्ध संपवताना हत्यार खाली ठेवून पुनर्वसन मिळवणाऱ्यांच्या यादीत ज्याच्याकडे हत्यार त्याचीच नोंद, असं वळण पडलं होतं. मुलांसाठी ती अट नव्हती, तरी प्रत्यक्षात ती आडवी आली. हत्यार दाखवू न शकणाऱ्या कितीतरी मुली यादीबाहेर राहिल्या. सैनिक म्हणजे बंदूकवाला, एवढाच अर्थ धरल्याचा हा परिणाम.

आपल्या भाषेत फौजेबरोबरच्या न लढणाऱ्या माणसांसाठी शब्द होता, 'बुणगे'. पानिपतच्या वर्णनात तो सगळ्यांनी वाचलेला आहे. पण त्यात तुच्छता इतकी मुरली आहे की लेकरांना तो लावता येणार नाही.

माझी सूचना 'युद्धाला जुंपलेली मुलं'. जुंपणारा कोणीतरी लागतोच, तो शब्दातच येतो. जुंपल्या जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, तेही येतं. आणि बैल नांगराला जुंपा, बंडीला जुंपा की वखराला, क्रियापद तेच राहतं. तसं बंदूक, ओझं, चूल सगळं एका शब्दात मावतं.

सिंदेवाहीकर
आरमोरीकर ताई, शब्द बरोबर आहे. शेतीवाल्या वाचकाला तो आणखी खोल जाईल. गोऱ्हा साधारण अडीच-तीन वर्षांचा झाल्यावर वळणावर आणतात. आधी नुसतं जू ठेवून फिरवायचं, मग जाणत्या बैलाच्या जोडीला हलकं काम, मग पुरं काम. घाईनं कोवळ्या गोऱ्ह्याच्या मानेवर पुरा भार टाकला की जू घासून कातडी सोलते, खाली पाणी धरतं, खांदेसूज होते. सूज उतरते, पण तिथली कातडी जाड होते, केस नीट येत नाहीत. पुढं जू नुसतं जवळ आणलं तरी जनावर मान काढून घेते. या आठवणींमध्ये युद्ध संपल्यावर कित्येक वर्षांनी भांडं पडल्याच्या आवाजाने जमिनीवर झोपून घेणारा माणूस येतो, तो यापेक्षा वेगळा नाही.

एक सावधगिरी. 'जुंपली' एवढंच लिहिलं तर भांडण लागलं असा अर्थ होतो: 'दोघांची जुंपली'. म्हणून मथळ्यात 'मुलांची युद्धात जुंपली' अजिबात नको. 'युद्धाला जुंपलेली', 'ला' सोडायचा नाही.

आर्वीकर
'जुंपलेली' घेतो. आता क्रियापदांचं बोला. मूळ पुस्तकात 'रिक्रूट' शब्द पानोपानी आहे. मी 'भरती झाला' केलं होतं.

आरमोरीकर
ते बदलाच, आर्वीकर सर. आपल्याकडे भरती हा आशेचा शब्द आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणारी पोरं, कागदपत्रांची फाइल, छातीचं माप. 'भरती झाला' म्हणजे गावात पेढे. १३ वर्षांच्या पोराला जंगलातून उचललं, त्याला हा शब्द कसा लावणार?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर चालतं त्या रोमच्या कायद्यात (१९९८) १५ वर्षांखालच्या मुलांबाबत तीन वेगळ्या क्रिया लिहिल्या आहेत: सक्तीने भरती करणं, भरती करून घेणं आणि लढाईत प्रत्यक्ष वापरणं. तिन्ही युद्धगुन्हे. काँगोतल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला १४ मार्च २०१२ ला याच तिन्हींसाठी दोषी ठरवलं, १४ वर्षांची शिक्षा झाली. त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की १५ खालचं मूल 'मी आपणहून आलो' म्हणालं तरी तो बचाव होत नाही. मराठीत तिन्हींना 'भरती' म्हटलं की हा भेदच पुसला जातो. म्हणून 'धरून नेलं', 'नाव घालून घेतलं', 'वापरलं' असे तीन ठेवा.

आमच्या गडचिरोलीकडच्या बातम्यांतही 'चौदाव्या वर्षी दलममध्ये (नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत) सामील झाली' असं वाक्य असतं. सामील होणं हे जाणत्या माणसाचं काम. 'चौदाव्या वर्षी तिला दलममध्ये नेलं' लिहिलं तर वाचक पुढचा प्रश्न विचारतो: कोणी? तो प्रश्न पडलाच पाहिजे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही रोख नेणाऱ्यावरच आहे. कलम ८३ प्रमाणे केंद्राने तसा जाहीर केलेला सशस्त्र गट मुलांना घेईल किंवा वापरेल तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड. सशस्त्र संघर्षाची झळ लागलेलं मूल त्याच कायद्यात 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे. पोलिसांच्या पत्रकातला 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं मूल, हा त्याच कायद्यातला दुसरा वर्ग. दोन्हींची सरमिसळ करू नका.

पुसदकर
'निरागस'वर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. शब्द फोडून पाहा: निर् आणि आगस्. आगस् म्हणजे अपराध, पाप. म्हणजे मुळात निरागस हा 'निरपराध'चाच भाऊ. पुढे वापरून वापरून तो गोड चेहऱ्याचा शब्द झाला. इंग्रजी 'इनोसन्स'मध्ये मात्र तीन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: गुन्हा नसणं, ठाऊक नसणं आणि मनात कपट नसणं. मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत: निरपराध, अजाण, निष्कपट (बोलताना भाबडं). आठवणींमध्ये त्या जागी नेमकं कोणतं गेलं ते पाहून शब्द निवडा. बहुतेक ठिकाणी गेलेलं असतं ते अजाणपण. पोराला नको ते कळलं. निरपराधपण गेलेलं नसतं. 'निरागसता गेली' लिहिलं की धात्वर्थाने आपणच त्याला अपराधी ठरवतो.

दुसरी चूक 'हरवली' या शब्दात. वस्तू ज्याची त्याच्या हातून हरवते. डबा हरवला, किल्ली हरवली, आणि घरचे म्हणतात, 'सांभाळता येत नाही का?' बालपण हरवलं म्हटलं की बोल लेकरावर येतो. आपल्याकडे शेजारीच दुसरं क्रियापद आहे, 'हिरावणं'. दोन अक्षरांचा फरक, पण चोर दिसतो. 'हिरावलेलं बालपण' लिहा.

दर्यापूरकर
पुसदकर भाऊ, हिरावलेलं चालेल, पण दर पानावर नको, नाहीतर त्याचीही घोषणा होईल. चांगल्या आठवणींत लेखक 'माझं बालपण गेलं' म्हणतच नाही. तो सांगतो की झोप गेली, मेलेल्यांकडे पाहून रडू येईनासं झालं, आधी जेवण जायचं नाही, मग प्रेताशेजारी बसून जेवता येऊ लागलं. त्यासाठी आपल्याकडे क्रियापदांची मोठी रांग आहे आणि प्रत्येकाचं वजन वेगळं.

'सरावणं' सगळ्यांत प्रामाणिक. हात सरावला, डोळे सरावले. त्यात निवाडा नाही. 'बधिर होणं' त्यापुढचं, पण दातांची भूल उतरते तशी बधिरता उतरू शकते. सुटून आलेल्या मुलांच्या बाबतीत हाच शब्द खरा. 'निबर' आपला घरचा शब्द. कवळी भेंडी चार दिवस झाडावर राहिली की निबर होते, बोटाने मोडत नाही, नुसती वाकते, आत धागा होतो. माणसालाही लावतात. फसगत एवढीच, की भेंडी आपोआप निबर होते आणि पुन्हा कवळी होत नाही. म्हणून 'पोरगं निबर झालं' न लिहिता 'पोराला निबर केलं' लिहावं. 'कोडगा' मार खाऊन होतो, त्यात बेशरमपणाची छटा आहे. 'निर्ढावलेला' हा सराईत गुन्हेगाराचा शब्द, लेकरासाठी पूर्ण वर्ज्य.

नशेबाबतही तेच. सिएरा लिओनच्या इश्माएल बेआच्या २००७ च्या आठवणींत मुलांना गांजा, पांढऱ्या गोळ्या आणि बंदुकीची दारू मिसळलेलं कोकेन द्यायचे. 'नशेच्या आहारी गेला' हा तयार वाक्प्रचार तिथे बसवला तर दोष परत पोरावर. 'नशा दिली जायची', 'नशेवर ठेवलं होतं' असं हवं. आणि त्याला तेराव्या वर्षी बंदूक दिली ती सरकारी सैन्याने. बंडखोरांनी नव्हे. हेही बरेच वाचक उलटं धरतात.

आर्वीकर
मग लेखक स्वतः 'मी मारलं' म्हणतो तिथे काय करायचं? 'मारायला लावलं' करू का?

पुसदकर
नाही. तिथे हात लावायचा नाही. 'मी मारलं' हे 'मी मारलं'च ठेवा. इथे मराठीचा एक सापळा आहे. आपण सहज लिहितो, 'माझ्या हातून माणूस मेला'. पण 'हातून' नकळत घडलेल्या गोष्टीला येतं. हातून कप फुटतो, हातून चूक होते. नेम धरून झाडलेल्या गोळीला 'हातून' लावलं तर लेखकाने कबूल केलेलं आपण अपघातात बदललं. 'माझ्याकडून मारला गेला' म्हणजे तर कचेरीतला अहवाल. ज्याने हे लिहायला कित्येक वर्षं घेतली, त्याचं कर्तेपण काढून घ्यायचा हक्क अनुवादकाला नाही.

उलट बाजूला, पुनर्वसन केंद्रातले लोक बेआला पुन्हा पुन्हा सांगतात की यात तुझा दोष नाही, आणि सुरुवातीला त्याला त्या वाक्याचाच राग येतो. तिथे 'तुझी चूक नाही' नको. चूक गणितात होते. 'दोष'च हवा.

दोन्ही गोष्टी एका माणसात असतात, हे त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयालाही टाळता आलं नाही. युगांडाच्या डॉमिनिक ऑन्गवेनला लहानपणी शाळेच्या वाटेवरून एका बंडखोर गटाने पळवून नेलं होतं. मोठा होऊन तो त्याच गटाचा कमांडर झाला. २०२१ मध्ये ६१ गुन्ह्यांत दोषी ठरला, शिक्षा २५ वर्षांची, आणि शिक्षा ठरवताना त्याचं पळवलं जाणं ती कमी करण्याच्या बाजूने धरलं गेलं. त्याच्याबद्दल लिहिताना 'पळवून नेलेला' आणि 'दोषी' हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात यायला हवेत.

सिंदेवाहीकर
किरकोळ, पण रोज चुकणारं. बंदुकीचं 'मॅगझिन' ठेवा, संगणकाने 'मासिक' केलेलं छापून येतं. 'राउंड' म्हणजे फेरी नव्हे. पोलिसी मराठीत राउंडच म्हणतात, नाहीतर काडतूस. एके-४७ भरलेल्या मॅगझिनसह साधारण ४ ते ५ किलोची, मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. तिला 'भरमार' म्हणू नका. ती नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक, गडचिरोलीचा वाचक लगेच पकडेल. वयही जसं दिलं तसंच आकड्यात लिहा. 'कोवळ्या वयात' म्हणजे किती? १५ आणि १८ या दोन आकड्यांवर कायदा बदलतो.

आरमोरीकर
एक शब्द राहिला. मुलींच्या आठवणींत कमांडरची 'वाइफ' येते. तिथे 'बायको' लिहू नका, 'लग्न लावून दिलं'ही नको. आपल्याकडे लग्न म्हणजे अक्षता, मांडव, दोन घरं. ऑन्गवेनच्या निकालात सक्तीचं लग्न हा स्वतंत्र अमानुष गुन्हा धरला आहे. 'कमांडरच्या ताब्यात दिलेली मुलगी' लिहा, लांबलं तरी चालेल. लेखिका स्वतः एखाद्या जागी 'मी त्याची बायको होते' म्हणत असेल, तर तेवढ्या वाक्यात तिचा शब्द ठेवा, अवतरणचिन्हं न लावता.

आर्वीकर
ठीक. 'भरती', 'हरवलं', 'आहारी', 'हातून' हे चार शब्द मसुद्यात शोधायला आज बसतो. 'बायको' १९ जागी आहे, त्या जागा इथे एकेक करून टाकतो, आरमोरीकर ताईंनी पाहाव्या.