अ‍ॅम्बॅसेडर मार्क ३: स्टार्टर घुरघुरतो पण इंजिन फिरत नाही. घरी काढता येईल का?

मांडवीकर

गाडी अ‍ॅम्बॅसेडर मार्क ३, १९७८ ची, पेट्रोल, १४८९ सीसी. ठिकाण बडोदा. ऑगस्ट २०२४ मधल्या विश्वामित्रीच्या पुरात गाडी दीड दिवस पाण्यात होती, पाणी बंपरच्या वर. नंतर इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदललं. प्लग काढून हँडलने इंजिन फिरवून पाहिलं, मोकळं फिरतं. बॅटरी नवी आहे, उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते.

किल्ली फिरवली की नुसतं घुर्रर्र होतं, इंजिन जागचं हलत नाही. दहातून एखादवेळी पकडतं. कधी कधी एक जोरदार 'खट्' होतो आणि मग काहीच होत नाही, लाइटसुद्धा मंद होतात. गॅरेजमध्ये सांगितलं की स्टार्टर गेला, नवा घाला.

खरंच नवा लागेल का? आणि काढायचा झाला तर घरी, खड्डा किंवा रॅम्प नसताना, काढता येतो का? साधी हत्यारं आहेत, जॅक आहे, मल्टिमीटर आहे.

---

रावपुरा_१४८९

घुर्रर्र आवाज येतोय याचा अर्थ मोटर चांगली फिरतेय. आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळलं असतं किंवा कार्बन (त्याला करंट पोचवणारे घासते ठोकळे) संपले असते तर तो आवाज आलाच नसता. तुमची अडचण मोटरच्या पुढच्या टोकाला, बेंडिक्समध्ये, म्हणजे मोटर इंजिनाला जोडणाऱ्या दातेरी भागात आहे.

या गाडीच्या स्टार्टरमध्ये दाते पुढे ढकलणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा स्विच) नसतो. सोलेनॉइड वेगळा, बॉडीवर बसवलेला असतो आणि तो फक्त करंट सोडतो. पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, आट्यांच्या नळीवर सैल बसलेला असतो. मोटर झटक्यात फिरली की जड पिनियन मागे रेंगाळतो, त्यामुळे आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये शिरतो. इंजिन सुरू झालं की रिंगच त्याला परत फेकते. सगळा खेळ पिनियनच्या सैलपणावर. तो आट्यांवर चिकटला तर मोटरबरोबर जागच्या जागी फिरत राहतो, तेच तुमचं घुर्रर्र.

पुराचं पाणी बेलहाउसिंगमध्ये (फ्लायव्हील आणि क्लचभोवतीचं कवच) शिरतंच. पाणी ओसरतं, गाळ राहतो, आणि आपल्याकडचा गाळ मैद्यासारखा बारीक. क्लचप्लेटच्या भुकटीत मिसळून तो आट्यांवर वाळला की नखाने खरवडूनही निघत नाही. बेलहाउसिंगच्या तळाशी पाणी-तेल गळून जायला छोटं भोक असतं, त्यात बहुधा कॉटर पिन लोंबत असते. ती पिन हलवून बघा. भोक गाळाने बुजलं असेल तर आत अजून ओल असेल.

आता तो 'खट्'. पिनियन अर्धवट शिरून रिंगमध्ये अडकतो आणि मोटर लॉक होते. लॉक झालेली मोटर ४०० अँपिअरच्या वर ओढते, म्हणून लाइट मंद होतात. अशा वेळी किल्ली धरून ठेवू नका, सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मग किल्ली काढली तरी करंट बंद होत नाही. इग्निशन बंद करा. स्टार्टरच्या मागच्या टोकाला, पिनियनच्या उलट बाजूला, पत्र्याची छोटी टोपी असते. ती काढली की शाफ्टचं चौकोनी टोक दिसतं. त्याला पाना लावून फिरवलं की पिनियन सुटतो. तिथे हात पोचत नसेल तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून, दोघांनी पुढे-मागे हलवा.

नवा घेऊ नका. काढा, धुवा, तपासा.

---

पाना_नऊसोळा

काढण्याबद्दल लिहितो. खड्ड्याची गरज नाही, पण जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. दोन चांगले स्टँड घ्या. सपाट फरशी, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा, मगच पुढची बाजू उचला.

पान्यांचं आधी पाहा, कारण बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं. या इंजिनाचे बोल्ट इंचाचे आहेत. स्टार्टरच्या दोन्ही बोल्टना ९/१६ चा पाना लागतो. ९/१६ म्हणजे १४.३ मिमी. चौदाचा जात नाही आणि पंधराचा जातो पण सैल, मग माणूस जोर लावतो आणि डोकं गोल होतं. वरच्या बोल्टला ९/१६ चा रिंग पाना, खालच्याला गोटी (सॉकेट) आणि लांब एक्स्टेंशन. पुरातली गाडी आहे, तेव्हा आदल्या रात्री दोन्ही बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

सुरुवात बॅटरीपासून: अर्थची केबल आधी काढा. तुमच्या गाडीत बॉडीला कुठलं टोक जोडलंय ते बघून घ्या. डायनॅमोवाल्या काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असतं. जे बॉडीला असेल ते आधी निघतं आणि शेवटी बसतं.

स्टार्टर इंजिनाच्या उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या खाली, मागे आहे. कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा पाइप डावीकडे, त्यामुळे गरम पाइपांची अडचण नाही. डिस्ट्रिब्युटर मात्र आडवा येतो. तो काढायचा झाला तर क्लॅम्पचा आवळणारा बोल्ट सोडू नका, प्लेट ब्लॉकला धरून ठेवणारे दोन स्क्रू काढा आणि प्लेटसकट उचला. टायमिंग हलत नाही. खालचा खाचा मध्यावर नसून एका बाजूला आहे, म्हणून परत बसवताना उलटा बसतच नाही. भोकावर लगेच स्वच्छ फडकं ठेवा.

मग स्टार्टरची जाड केबल. टर्मिनलच्या बोल्टवर दोन नट असतात. आतला नट एका पान्याने धरून ठेवा आणि बाहेरचा सोडा. न धरता सोडलात तर अख्खा बोल्ट फिरतो आणि आतली फील्ड कॉइलची (मोटरमधल्या स्थिर गुंडाळीची) जोडणी पिळून तुटते. चांगला स्टार्टर काढताना असाच मरतो.

खालचा बोल्ट गाडीखालून आधी काढा, वरचा शेवटी. स्टार्टर साधारण सात-आठ किलोचा आहे. वरचा बोल्ट निघण्याच्या बेतात आला की एक हात खाली हवा. सरळ पुढे ओढा, तिरका केलात तर पिनियन भोकात अडकतो.

बाहेर आला की त्या भोकातून टॉर्च मारून रिंगचे दाते बघा. हँडलने इंजिन हळूहळू फिरवून पूर्ण रिंग तपासा, प्लग काढलेले असू द्या.

बेंडिक्स रॉकेलने धुऊन, आट्यांवर पातळ ग्रीस लावून बसवा, झालं काम.

---

तारकाम

वरची माहिती चोख आहे, शेवटची ओळ मात्र कृपया कुणी अमलात आणू नका. बेंडिक्सच्या आट्यांवर ग्रीस नाही, इंजिन ऑइलही नाही. बेलहाउसिंगमध्ये क्लचची भुकटी सतत उडत असते. ग्रीसवर ती बसते आणि काही महिन्यांत काळा लगदा होतो. थंडीत सकाळी तो आणखी घट्ट. पिनियन पुन्हा चिकटतो आणि माणूस पुन्हा स्टार्टरला दोष देतो. आटे कोरडे आणि चकचकीत हवेत. फार तर ग्रॅफाइटची कोरडी पूड, कुलपात घालतात ती, चिमूटभर.

धुताना जुना टूथब्रश आणि रॉकेल. रॉकेल मिळत नसेल तर ब्रेक क्लीनरचा स्प्रे. डिझेल नको, तेलकट थर ठेवतं. स्टार्टर उभा धरा, पिनियन खाली. तसं केलं की घाण मोटरमध्ये उतरत नाही. पिनियन हाताने आट्यांवर वर-खाली फिरवत राहा. बरोबर झाल्याची खूण अशी: पिनियन बोटाने पुढे नेऊन सोडला की छोट्या स्प्रिंगच्या जोराने आपोआप, न अडखळता परत येतो. मध्येच थबकला तर अजून गाळ आहे. पिनियनचे दाते पुढच्या कडेला चेपून मशरूमसारखे झाले असतील तर पिनियन आणि नळी जोडीनेच बदला. मोठी स्प्रिंग घरी काढायला जाऊ नका, तिच्यात बराच जोर असतो आणि सर्किप निसटली तर डोळ्याला लागते. ते काम व्हाइस आणि प्रेस असलेल्या माणसाकडे द्या.

गाडी दीड दिवस पाण्यात होती, तेव्हा मोटरही उघडाच. मागचा पट्टा सरकवला की चार कार्बन दिसतात. स्प्रिंग हुकाने उचलून प्रत्येक कार्बन आपल्या खोबणीत मोकळा सरकतो का ते पाहा. लांबी ८ मिमीच्या खाली गेली असेल तर चारही बदला. दोन कार्बन अर्थचे, ते सोपे. बाकी दोन फील्ड कॉइलला जोडलेले असतात, आणि कॉइल अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिच्यावर साधं कथिल धरत नाही. म्हणून कार्बनची जुनी वेणी (विणलेली तार) मुळापासून उपटू नका. थोडी शेपटी ठेवून कापा आणि नव्या कार्बनची वेणी त्या शेपटीला झाळा.

कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा असेल तर बारीक काचपेपर. एमरी पेपर नाही, त्याचे कण करंट वाहून नेतात आणि फटींत रुततात. डायनॅमोत पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खाली घेतात, स्टार्टरमध्ये ते करायचं नाही. हा फरक न कळल्यामुळे बरेच आर्मेचर वाया जातात.

दोन्ही टोकांचे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या) सच्छिद्र ब्राँझचे असतात. शाफ्ट आडवा हलत असेल तर बदला, आणि नवा बुश बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरडा ठोकला तर लवकर झिजतो आणि आर्मेचर फील्डच्या लोखंडाला घासू लागतं.

फील्ड कॉइलवर सुती पट्टी असते, ती पाणी धरून ठेवते. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या आणि मग रिवाइंडिंगवाल्याकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) इन्सुलेशन तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

---

मांडवीकर

सर्वांचे आभार. काढला. खालचा बोल्ट दुसऱ्या दिवशी सुटला. आट्यांवर खरोखर राखाडी कवच होतं, पिनियन अर्ध्यातच थांबत होता. धुऊन आता छान परत येतो. कार्बन ११ मिमी आहेत.

दोन शंका. रिंगचे दाते समोरासमोरच्या दोन जागी कडेला झिजलेत, बाकी रिंग ठीक आहे. हे पुराचं आहे का? आणि बाहेर काढलेला स्टार्टर बॅटरीवर तपासताना काय जपायचं?

---

रावपुरा_१४८९

दाते पुरामुळे नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठल्या तरी पिस्टनच्या कॉम्प्रेशनला अडून थांबतं, म्हणून ते जवळपास दोनच जागी उभं राहतं. पिनियन वर्षानुवर्षं त्याच दात्यांवर आदळतो. कडेच्या गाठी त्या भोकातूनच बारीक कानशीने साफ करा, कानशीला चुंबक लावून ठेवा म्हणजे कीस आत पडणार नाही. दात्याची निम्म्याहून जास्त रुंदी शाबूत असेल तर बरीच वर्षं चालेल. त्याच जागी पकडलं नाही तर हँडलने इंजिन थोडं पुढे करा.

रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नवी रिंग ३०० ते ४०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून, फिकट निळसर रंग आला की बसवतात. त्याहून जास्त तापली तर दात्यांचं पाणी उतरतं. ते घरचं काम नाही, क्लचप्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा एकत्र करून घ्या.

---

तारकाम

तपासताना स्टार्टर व्हाइसमध्ये घट्ट आवळा, हातात किंवा पायाखाली धरू नका. सुरू होताना तो उलटा झटका देतो. जंपर केबलचं अर्थ स्टार्टरच्या बॉडीला, दुसरं टोक टर्मिनलला. तीन-चार सेकंद पुरे. पिनियन फाटकन पुढे जायला हवा. अर्थ उलटं जोडलं गेलं तरी फिरण्याची दिशा बदलत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर एकाच मालिकेत आहेत. त्यामुळे पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीलाही हाच स्टार्टर चालतो.

---

पाना_नऊसोळा

ग्रीसबद्दलची दुरुस्ती मान्य. इतरांनीही माझी ती ओळ सोडून द्यावी.

बसवण्याआधी एक गोष्ट नक्की करा. स्टार्टरला अर्थची वेगळी तार नाही, त्याची कड इंजिनाच्या प्लेटला टेकते तीच अर्थ. दोन्ही पृष्ठभाग घासून उघडं लोखंड दिसू द्या. स्टार्टर रंगवलात तर त्या कडेवर रंग नको. इंजिनापासून चॅसीला जाणारी विणलेली पट्टी पुरानंतर बाहेरून बरी दिसते आणि आतून हिरवी झालेली असते, ती नवीच घाला.

मग मल्टिमीटर. कॉइलची मधली तार काढून अर्थला लावा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा. स्टार्टर फिरताना बॅटरीच्या दोन टोकांत १० व्होल्टच्या वर हवं. बॅटरीचं अर्थचं टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांत ०.३ च्या आत. बॅटरीचं दुसरं टोक आणि स्टार्टरचं टर्मिनल यांत ०.५ च्या आत. जास्त आलं तर सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलवर मीटर धरून पाहा. तो पाण्यात होता, आतले कॉन्टॅक्ट गंजलेले निघू शकतात. किल्ली एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे अर्धा मिनिट थांबा.

---

मांडवीकर

अर्थच्या बाजूला १.१ व्होल्ट आले. पट्टी बदलली, आता ०.१५. स्टार्टर प्रत्येक वेळी पकडतोय. बेलहाउसिंगची कॉटर पिन हलवल्यावर पाव लिटरभर गढूळ पाणी निघालं.

---

रावपुरा_१४८९

मग क्लचही तपासा. आत ओल राहिली असेल तर क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. क्लच दाबूनही गिअर करकरत असेल तर तेच कारण. भोक उघडं ठेवा, गाडी रोज पंधरा मिनिटं गरम करा, आठवड्याने पिन पुन्हा हलवून पाहा.