पंधराव्या वर्षी सीनियर संघात मिडफिल्डर: विकी लोपेझचा रस्ता आपल्या मुलींना चालेल का?

मधलीफळी_१०
स्पेनची फुटबॉलपटू विकी लोपेझ हिला २०२५ मध्ये कोपा ट्रॉफी मिळाली. एकवीस वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडूचा हा पुरस्कार महिलांसाठी त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला. तिचा जन्म २६ जुलै २००६ चा, माद्रिदचा. सप्टेंबर २०२१ मध्ये माद्रिद सीएफएफ या क्लबकडून ती स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरली, तेव्हा पंधरा पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता. पुढच्याच वर्षी ती आपल्या दारात खेळून गेली. ३० ऑक्टोबर २०२२ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल विकीला मिळाला. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत जपानविरुद्ध संघ मागे असताना शेवटच्या काही मिनिटांतले दोन्ही गोल तिचेच होते.

माझं म्हणणं असं, की मिडफिल्डर फक्त वयोगटाच्या सामन्यांत घडत नाही. अंडर-१७ च्या जिल्हा सामन्यात चांगल्या मुलीला चेंडू मिळाल्यावर दोन-तीन सेकंद मोकळी मिळतात. ती चेंडू थांबवते, मग मान वर करते, मग पास शोधते. हा क्रम तिथे चालून जातो आणि अंगात मुरतो. सीनियर सामन्यात चेंडू पायाशी येतो तेव्हाच समोरची अंगावर आलेली असते. म्हणून चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचं, अंग पुढच्या मैदानाकडे अर्धं वळलेलं ठेवायचं आणि चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा. ही सवय चौदा-पंधराव्या वर्षी लागली तर लागली. ताकद अठराव्या वर्षीही कमावता येते.

याच विश्वचषकात भारताच्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ हरल्या. शिबिरं महिनोन्महिने झाली होती. पण शिबिरात सराव होतो; आठवड्यामागून आठवडा मोठ्या बायकांशी चेंडूसाठी झगडणं होत नाही. जी तयार आहे तिला पंधराव्या वर्षी इंडियन वुमेन्स लीगमध्ये उतरवा.

गुडघा_आधी
तुम्ही अर्धाच रस्ता सांगितलात. २०२२ च्या उन्हाळ्यात ती बार्सिलोनाला गेली ती थेट मुख्य संघात नाही, तर ब संघात. तो दुसऱ्या श्रेणीत खेळतो. पहिल्या संघाची नेहमीची खेळाडू ती २०२३-२४ पासून झाली. म्हणजे पहिल्या श्रेणीत खेळून झालेल्या मुलीला सोळाव्या वर्षी एक पायरी खाली उतरवलं. आपल्याकडे असं उतरवणारा क्लब दाखवा.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. स्पेनची लीग १६ संघांची, ३० सामने, बहुतेक आठवड्याला एक. आपली लीग २०२२-२३ पर्यंत एकाच शहरात उरकली जायची. त्या वर्षी अहमदाबादेत १६ संघ होते आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला चार आठवड्यांच्या आत १० सामने खेळावे लागले, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. घरच्या-बाहेरच्या मैदानांवरची लीग २०२३-२४ पासून सुरू झाली, म्हणून आता निदान हा विषय काढता तरी येतो. राज्य पातळीवरच्या बहुतेक स्पर्धा अजून एक दिवसाआड सामना अशाच आहेत.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. पंधराव्या वर्षी हाडं लांब झालेली असतात, पण मांडीचे मागचे आणि कुल्ह्याचे स्नायू मागे राहिलेले असतात. उडी मारून उतरताना किंवा झटक्यात वळताना गुडघा आत झुकतो आणि पुढचा क्रूशिएट लिगामेंट (गुडघ्याच्या आतला, हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटतो. या दुखापतीचा धोका मुलींना मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने मैदान नाही. मिडफिल्डर तर सामनाभर वळतच असते.

मधलीफळी_१०
@गुडघा_आधी, वेळापत्रकाचं मान्य. ब संघाचं नाही. बार्सिलोनाच्या ब संघासमोरही मोठ्या बायकाच असतात. तिला अंडर-१७ च्या लीगमध्ये परत पाठवलं नव्हतं. पायरी खाली आली ती स्पर्धेची; प्रतिस्पर्ध्यांचं वय तेच राहिलं. माझा मुद्दा नेमका तोच आहे.

फातोर्डा_स्टँड
घाई न करताही शिखर गाठता येतं याचं उदाहरण त्याच क्लबात आहे. आयताना बोनमाती २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या अकादमीत आली, पहिल्या संघात २०१६ मध्ये, अठराव्या वर्षी. पहिल्या अकरांत हक्काची जागा मिळायला आणखी दोन-तीन हंगाम गेले. पुढे २०२३, २०२४, २०२५ असे सलग तीन बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार. मधल्या फळीतली समज तिला उशीर झाल्यामुळे कमी पडली असं कोण म्हणेल?

आणि नेरुळच्या त्या अंतिम सामन्यात पलीकडच्या बाजूला लिंडा कैसेदो होती. ती आघाडीची खेळाडू, पण वय जवळपास तेच. तिचं २०२२ पाहा: जुलैत सीनियर कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा), ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील विश्वचषक, ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील. चार महिन्यांत देशाच्या तीन संघांकडून तीन स्पर्धा. मुलगी सीनियरमध्ये तयार दिसली की तिन्ही गटांना ती हवी असते, आणि नाही म्हणणारं कुणी नसतं. आपल्याकडे शाळेचा सुब्रतो कप, जिल्हा, राज्य, क्लब असे चार मालक होतात. मला काळजी त्याची आहे.

शिट्टी_आणि_कोन
वय किती, यापेक्षा कुठे आणि किती मिनिटं उतरवता हे ठरवा. मी वापरावा असा सुचवतो तो क्रम:

आधी सहा आठवडे फक्त सीनियरांबरोबर सराव, आठवड्याला दोन दिवस. त्यात ८ बाय ८ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध दोन, दोन टचांची मर्यादा. मग ४ विरुद्ध ४ आणि कडेला तीन तटस्थ खेळाडू, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूने खेळणाऱ्या. चेंडू येण्याआधी मान वळते का, एवढंच मोजा. दहा पासांपैकी निदान सात वेळा मान वळत नसेल तर सामना नको.

नंतर सामन्याची शेवटची १५ ते २० मिनिटं, आणि तीही कडेला. मध्यभागी चारही बाजूंनी धडक येते. कडेला एक बाजू रेषा सांभाळते, त्यामुळे मुलीला अर्धंच मैदान वाचावं लागतं. विकीलाही सीनियर संघात कधी कडेला, कधी आत असंच वाढवलं. २०२५ च्या युरोत (युरोपीय देशांच्या स्पर्धेत) पोर्तुगालविरुद्ध तिला पहिल्या अकरांत घेतलं, बोनमाती आजारातून उठून बाकावर होती. सातव्या मिनिटाला विकीचा गोल आणि निकाल ५-०. त्यामागे चार वर्षांच्या पायऱ्या होत्या.

चूक होते ती इथे: मुलगी चपळ दिसली की प्रशिक्षक तिला एकटी बचावात्मक मिडफिल्डर म्हणून बचावफळीपुढे उभी करतात. तिथे चेंडू गेला की थेट गोल. दोन सामन्यांत ती घाबरते आणि मग प्रत्येक पास मागे देते.

गुडघा_आधी
@शिट्टी_आणि_कोन, कडेला सुरुवात पटली, पण कडेला लांब धावा आणि अचानक थांबणं जास्त. ते विसरू नका. फिफाचा ११+ वॉर्म-अप सोडायचा नाही: २० मिनिटं, आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद-उड्या-तोल, दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्याला निदान दोनदा. आपल्याकडे मधली दहा मिनिटंच गाळली जातात आणि काम तीच करतात.

बूट तपासा. नैसर्गिक गवताचे लांब स्टड कृत्रिम गवतात रुततात. पाय अडकतो आणि गुडघा फिरतो. टर्फसाठी आखूड आणि जास्त संख्येचे स्टड. उन्हाळ्यातल्या कडक लाल मातीवरही तेच बरे.

पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टर. खेळणाऱ्या मुलीचं असं होतंच, असं म्हणून सोडणं चूक आहे. बहुतेकदा जेवण धावण्याला पुरत नसतं आणि हाडं ठिसूळ होतात. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा. हिमोग्लोबिन ठीक आणि लोहाचा साठा संपलेला, असं असू शकतं. मग मुलगी साठाव्या मिनिटाला थकते आणि तिला आळशी म्हटलं जातं.

मधलीफळी_१०
फातोर्डा, चार मालकांचा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो. मी पहिल्या पोस्टमध्ये 'उतरवा' म्हटलं, त्यात ही अट घालतो: मुलीची एकच वही, सगळ्या संघांची मिनिटं त्यात, आणि आठवड्याला १२० च्या वर गेली की पुढचा सामना नाही, मग तो शाळेचा अंतिम सामना का असेना. अठरापर्यंत थांबा हे मात्र अजूनही पटत नाही. बोनमाती थांबली ती बार्सिलोनाच्या अकादमीत, रोज उत्तम सराव करत. आपली मुलगी थांबते ती वर्षाला मोजक्या सामन्यांवर.

फातोर्डा_स्टँड
वही क्लबाकडे नको, शाळेकडेही नको. आईकडे द्या.