मदत हवी आहे : डोसेटॅक्सेल चालू असताना हळद-मिरीच्या कॅप्सूल?

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. सासऱ्यांना (वय ७४) प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत उतरलेला. हार्मोनच्या इंजेक्शनांनी पीएसए (या आजाराचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) दबून होता, आता परत चढायला लागलाय. डॉक्टरांनी डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध सांगितलंय : दर तीन आठवड्यांनी एक सलाइन, सोबत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या.

अडचण घरातच आहे. आमच्या आत्याबाई लोकमान्य नगरहून रोज येतात आणि बाबांच्या उशाशी बसून "केमो म्हणजे विष, झाडपाल्याने कुणाचं वाईट झालंय का?" हे सुरू. सियागंजातून अश्वगंधा आणून झाली, लक्ष्मणफळाची वाळलेली पानं कुणाकडून तरी मागवलीत. शिवाय कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या द्रव्याच्या, कॅप्सूलची बाटली. पुढे मोठ्या अक्षरांत ९५ टक्के, मागे बारीक अक्षरांत पायपरीन, म्हणजे मिरीचा अर्क. बाबा डॉक्टरांपेक्षा बहिणीचं जास्त ऐकतात.

आत्याबाईंना ऐकवायला एक मुद्दा मला सापडलाय : डोसेटॅक्सेलही झाडाचंच आहे. यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या पानांतून एक द्रव्य काढतात आणि त्यावर प्रक्रिया करून हे औषध बनवतात. अमेरिकेत २००४ साली याच आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली. पण यावर त्या म्हणणार, मग हळदही झाडाचीच! म्हणून विचारते, या कॅप्सूल केमोसोबत चालतात का? ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यात हा विषय निघतच नाही.

प्रतिसाद १
फार्मसी शिकवतो, म्हणून लिहितो. भाजीतली हळद-मिरी खुशाल खाऊ द्या. कॅप्सूलचं गणित वेगळं. कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून त्यात पायपरीन घालतात. प्रयोगशाळेत हे पायपरीन यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला अडवताना दिसलंय, आणि डोसेटॅक्सेलचा निचरा त्याच एन्झाइमवर होतो. निचरा मंदावला तर पांढऱ्या पेशी आणखी खाली जाऊ शकतात. चौऱ्याहत्तरीत हा धोका कशाला? बरं, फायदा तरी? फ्रान्समध्ये याच रुग्णांना डोसेटॅक्सेलसोबत कर्क्युमिन किंवा औषध नसलेली, नुसती तशी दिसणारी कॅप्सूल देऊन पाहिलं. २०२१ मध्ये निकाल छापून आला : फरक नाही. लक्ष्मणफळाची पानं तर आणूच नका, त्यातलं अ‍ॅनोनासिन हे द्रव्य मेंदूतल्या पेशींना घातक आहे.

आत्याबाईंना पीसी-स्पेसची गोष्ट सांगा. आठ वनस्पतींचं मिश्रण, अमेरिकेत प्रोस्टेटसाठी धडाक्यात खपायचं, आणि पीएसए खरंच उतरायचा. तपासणीत काही खेपांमध्ये डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन सापडलं. २००२ मध्ये बाजारातून काढून घेतलं.

ओपीडीत बोलणं होत नसेल तर सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा.

धागाकर्ती
खूप आभार. पीसी-स्पेसचं आजच सांगते, 'पीएसए उतरला' हे ऐकूनच त्या भुलतात. पिशवी भरून ठेवलीये. कुणाच्या घरी सत्तरीपुढच्या माणसाला डोसेटॅक्सेल दिलं असेल, तर पहिल्या आठवड्यात त्यांना काय खायला जात होतं तेवढं सांगाल का? बाबांना तिखटाशिवाय घास उतरत नाही, आणि तोंड येतं म्हणतात.