कर्ण म्हणजे सममिती अक्ष नव्हे

आयताचा कर्ण काढला की दोन एकरूप त्रिकोण मिळतात, म्हणून आयताला 4 सममिती अक्ष असावेत, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. त्रिकोण एकरूप आहेत हे खरंच, पण तेवढ्याने भागत नाही. रेषा सममिती अक्ष ठरायला एक भाग त्या रेषेवर दुमडल्यावर दुसऱ्यावर तंतोतंत बसायला हवा. ए-फोर कागद कर्णावर दुमडून बघा, दोन कोपरे बाहेर डोकावतात. म्हणून आयताला अक्ष 2च, समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणारे. चौरसात कर्णही जमतात, म्हणून 4.

समांतरभुज चौकोन तर मुलांना हमखास चकवतो. तो आयत किंवा समभुज चौकोन नसेल, तर त्याला एकही अक्ष नाही. 180 अंशांत फिरवला तर मात्र जसाच्या तसा दिसतो, ती परिभ्रमण सममिती. शाळेत हा फरक घाईत उरकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुसम बहुभुजाला (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या आकृतीला) बाजू तितके अक्ष, वर्तुळाला अनंत.

मुंबईत असाल तर मुलांना गेटवे ऑफ इंडियासमोर उभं करा. मधल्या कमानीतून उभी रेषा कल्पा: डावी-उजवी बाजू जुळते. आडवी रेषा कुठेही काढा, जमणार नाही. मग घरी येऊन समद्विभुज त्रिकोण (दोनच बाजू सारख्या असलेला) काढायला सांगा, तिथेही एकच अक्ष सापडेल.