हिंसेमुळे नव्हे, दिलासा नसल्यामुळे

हिंसा जास्त असली की प्रेक्षक पाठ फिरवतात, असं अनेकदा म्हटलं जातं; मला ते पटत नाही. 'अ‍ॅनिमल' हा हिंदी सिनेमा 2023 मध्ये प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र घेऊन आला आणि तुफान चालला. रक्त त्यात काही कमी नव्हतं.

उलट अभिषेक चौबेंचा सिनेमा 'सोनचिडिया' बघा. 1975 चं चंबळचं खोरं, बुंदेली बोली, मनोज वाजपेयी, सुशांतसिंह राजपूत, भूमी पेडणेकर, रणवीर शौरी. सगळ्यांची कामं जीव ओतून केलेली. तरी पडला. कारण तिथली गोळी कुणालाच विजय मिळवून देत नाही. हे बागी, म्हणजे डाकू, सूडासाठी धावत नाहीत, हातून झालेल्या पापाच्या ओझ्याखाली वाकलेले आहेत. टोळीचा म्होरक्या मानसिंग (वाजपेयी) तर गोष्ट अर्ध्यावर येण्याआधीच मारला जातो. टाळी वाजवायची कुठे? बंदुका आणि धुळीच्या जाहिराती बघून डाकूपट समजून गेलेल्या माणसाला पश्चात्तापाची गोष्ट मिळते, आणि तो मित्रांना 'जाऊ नका' सांगतो. असा सिनेमा हळूहळू, तोंडी प्रसिद्धीवर वाढायला हवा. पण तेवढे दिवस त्याला पडदाच मिळत नाही.

त्यात तारीख! 1 मार्च 2019, त्याच दिवशी लक्ष्मण उतेकरांचा हलकाफुलका 'लुका छुपी'. घरच्या चौघांना घेऊन शुक्रवारी निघालेला माणूस कुठलं तिकीट काढणार, हे उघड होतं. पुढे 'सोनचिडिया'ला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, 'आर्टिकल 15'सोबत विभागून. मला त्याचा आनंद झाला, पण तोवर तो थिएटरांतून कधीच उतरला होता. ते खोरं मोठ्या पडद्यावरच बघायचं होतं हो.