विषय: फरशीच्या धंद्यासाठी पहिली व्हॅन कोणती घ्यावी?

स्विंडनहून, मंगळवार

नमस्कार मंडळी,

गणपतीत मखराच्या मागची लाकडी चौकट ज्याने ठोकली, तो मी. मूळचा पेडण्याचा, सध्या इंग्लंडात स्विंडनला. नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली फरशी बसवली. आता स्वतःच्या नावावर न्हाणीघरं आणि स्वयंपाकघरं घ्यायला सुरुवात करतोय. हातात तीन कामं आहेत: एक इथलंच, एक बाथला, एक लंडनला ईलिंगमध्ये.

आजवर मालकाची व्हॅन होती. आता माझी हवी. बजेट जास्तीत जास्त १२,००० पाउंड, म्हणजे सेकंडहँडच. मनात लांब, उंच छपराची मोठी व्हॅन आहे. साइटवर सगळ्यांकडे तीच दिसते, आणि एकदाच घ्यायची तर मोठीच घ्यावी असं वाटतं. बायको म्हणते छोटी घे, गल्लीत लावायची कुठे? बाबा गावाला गवंडीकाम करायचे, त्यांचं सगळं सामान सायकलवर जायचं, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही. तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांनी कृपया सांगा.

स्लावहून, मंगळवार रात्री

अरे, आधी अभिनंदन! स्वतःचा धंदा सुरू करतोयस, फार बरं वाटलं. मी बावीस वर्षं प्लंबिंग आणि न्हाणीघरांची कामं करतोय, ही माझी पाचवी व्हॅन. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू लांबी आणि उंची सांगितलीस, वजन सांगितलं नाहीस. फरशीवाल्याने पहिलं वजन बघायचं. एक सेंटीमीटर जाडीची पोर्सिलेनची फरशी चौरस मीटरला साधारण २२ किलो भरते. भिंती आणि जमीन धरून न्हाणीघराला २८ चौरस मीटर लागली, तर नुसती फरशी ६१६ किलो. चिकटवायच्या मसाल्याच्या २० किलोच्या सात गोण्या, १४०. कटर, मिक्सर, बादल्या, लेव्हल वगैरे १२० धर. शेजारी बसलेला मदतनीस ८०. झाले ९५६ किलो! आणि यात तू नाहीस, डिझेल नाही, आत ठोकलेला प्लाय आणि रॅक नाहीत.

आता हेच घनफळात बघ. २८ चौरस मीटर फरशी खोक्यांसकट अर्धा घनमीटरही होत नाही. म्हणजे उंच छपराच्या व्हॅनमध्ये तू मुख्यतः हवा वाहून नेणार, आणि त्या हवेसाठी डिझेल जाळणार. उलट बायको म्हणते तशी छोटी घेतलीस तर फरशी आत मावेल, पण त्यातल्या बऱ्याच गाड्या ६००-७०० किलोंच्या वर पेलत नाहीत. मावते म्हणजे चालते, या समजुतीनेच माणूस फसतो.

मी स्वतः फसलोय. दुसऱ्या व्हॅनच्या वेळी एका मोठ्या कामाची सगळी फरशी एकाच खेपेत घेतली. रस्त्यात तपासणीला अडवलं, काट्यावर चढवलं. एकूण वजन थोडंच जास्त होतं, पण मागच्या आसाचं (मागच्या चाकांच्या जोडीवरचं) बरंच जास्त निघालं, कारण आळस करून सगळी खोकी मागच्या दाराशीच रचली होती. दंड तर झालाच, वर अर्धा माल उतरवल्याशिवाय पुढे जाऊ देईनात. ग्राहक घरी वाट बघत बसलेला. चूक माझीच होती. त्यानंतर फरशी नेहमी सीटमागच्या जाळीला टेकवून, खाली, दोन्ही बाजूंना सारखी.

म्हणून व्हॅन बघायला गेलास की आधी वजनाची पाटी शोध. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असते. तिच्यावर चार आकडे असतात: भरलेल्या गाडीचं कमाल वजन, ट्रेलरसकट वजन, पुढचा आस, मागचा आस. पहिल्या आकड्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तुझा भार मिळतो. फोर्ड ट्रान्झिट कस्टमवर २८०, ३००, ३२० असे आकडे असतात, ते साधारण भरलेल्या गाडीचं वजन सांगतात: २.८ टन, ३ टन, ३.२ टन. बाहेरून गाड्या सारख्याच दिसतात, पण भारात शेकडो किलोंचा फरक पडतो. जाहिरातीत बऱ्याचदा हा आकडा दिलेलाच नसतो, फोन करून विचार.

माझं मत स्पष्ट आहे. तुला मधल्या आकाराची व्हॅन हवी: ट्रान्झिट कस्टम, व्हॉक्सॉल व्हिव्हारो किंवा त्या जातीची, भार १,००० किलोंच्या वर. आतली लांबी अडीच मीटरच्या आसपास असते, त्यामुळे आठ बाय चार फुटांचा पत्रा चाकांच्या मधे आडवा झोपतो. उंची दोन मीटरच्या आत राहते, म्हणजे बऱ्याचशा बहुमजली पार्किंगमध्ये शिरता येतं. छपरावर रॅक लावलास की मात्र ते गेलं. आणि तुला शिडीशिवाय वर काय ठेवायचंय?

एक राहिलंच. व्हॅनची वेगमर्यादा मोटारीची नसते. वस्तीबाहेर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीला ताशी ६० मैल, तुला ५०. दुभाजकाच्या रस्त्यावर ६०, मोटरवेवर ७०. पहिल्याच महिन्यात लायसन्सवर दंडाचे पॉइंट नकोत.

रेडिंगहून, बुधवार

काकांचं बरोबर आहे. मी एवढंच विचारते, इलेक्ट्रिक का नको? माझे यजमान वायरिंगची कामं करतात, दोन वर्षं झाली, खर्च खूप कमी झालाय. पण आमच्या दारात स्वतःची जागा आहे, रात्री घरीच चार्ज होते, आणि ते रेडिंगच्या बाहेर फारसे जात नाहीत. दादा, तुमच्याकडे तशी सोय आहे का?

हॅरोहून, बुधवार

मी छोट्या धंद्यांचे हिशोब बघते, म्हणून पैशाच्या बाजूचं लिहिते.

व्हॅनच्या किमतीपुढे "प्लस व्हॅट" (म्हणजे वर विक्रीवरचा कर वेगळा) लिहिलंय का ते बघा. १२,००० प्लस व्हॅट म्हणजे १४,४००. व्हॅटची नोंदणी असेल तर वरचे २,४०० परत मिळतात. पण सक्तीची मर्यादा वर्षाला ९०,००० पाउंड उलाढालीची आहे, तुम्ही बहुधा सुरुवातीला तिच्या खाली असाल. मग ते पैसे गेलेच. तुमचं खरं बजेट १०,००० प्लस व्हॅट, किंवा व्हॅट नसलेल्या गाडीला १२,०००.

व्हॅनची किंमत धंद्याच्या वापरापुरती त्याच वर्षी नफ्यातून वजा करता येते. दुसरी पद्धत मैलागणिक ठरावीक दराची. पण एका गाडीसाठी दोन्हींपैकी एकच, आणि मैलांची पद्धत धरली की ती गाडी असेपर्यंत तीच. त्यामुळे कराचं पहिलं विवरणपत्र भरण्याआधी माझ्याशी किंवा कोणाशीही बोला. तोवर रोजचे मैल एका वहीत लिहायला लागा, आजपासून.

दुसरं, शहरांचं शुल्क. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (स्थानिक विभागांमध्ये) युलेझ आहे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क, ईलिंग त्यातच. डिझेल व्हॅन युरो ६ या धुराच्या मानकाची नसेल तर दिवसाला १२.५० पाउंड. पंधरा दिवसांचं काम धरा, १८७.५० पाउंड नुसते आत शिरायचे. बाथमध्ये तर अजून गंमत: जुन्या खाजगी मोटारीला शुल्क नाही, पण जुन्या व्हॅनला दिवसाला ९ पाउंड. ब्रिस्टॉललाही तेवढेच. सप्टेंबर २०१६ नंतर नोंदलेल्या डिझेल व्हॅन साधारणपणे युरो ६ असतात, तरी प्रत्येक गाडीचा नंबर घालून सरकारी साइटवर खात्री करून घ्या. मालकाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

विमा घेताना "स्वतःचा माल आणि हत्यारं नेणे" हाच प्रकार सांगा. आणि व्हॅनच्या विम्यात हत्यारं येतातच असं नाही, त्यांचा वेगळा घ्या. रात्री गाडीत ठेवलेली हत्यारं बऱ्याच पॉलिसी धरत नाहीत, तेवढी ओळ नीट वाचा.

स्विंडनहून, गुरुवार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसलो. मागच्या सहा कामांचं वजन काढलं तर चार कामं ८०० ते १,००० किलोंची निघाली. बायकोला दाखवलं, ती म्हणाली, म्हणजे छोटीही नको आणि मोठीही नको. मधलीवर दोघांचं जमलं.

ताई, इलेक्ट्रिकचं मनात होतं, पण आम्ही भाड्याच्या घरात राहतो, गाडी रस्त्यावर लागते. भरलेली गाडी घेऊन हिवाळ्यात लंडनला जाऊन परत यायचं तर दीडशे मैलांच्या आसपास होतं. दोन वर्षांनी पुन्हा विचार करेन.

दोन गाड्या सापडल्या आहेत. दोन्ही २०१९ च्या, व्हॅट नसलेल्या. एक ११,२०० ला, ७८,००० मैल. दुसरी ९,४०० ला, १,२१,००० मैल. काका, एमओटीचा (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) इतिहास बघितला. पहिलीला दोन वर्षं लागोपाठ "मागचे टायर आतून झिजलेले" असा शेरा आहे. दुसरीला काहीच नाही. स्वस्त असूनही दुसरीच बरी वाटते, चुकतोय का?

स्लावहून, गुरुवार रात्री

चुकत नाहीस. टायर एकाच बाजूने वर्षानुवर्षं झिजतात तेव्हा गाडीवर जास्त ओझं लादलेलं असतं किंवा खाली काहीतरी वाकलेलं असतं. तिचा नाद सोड.

दुसरीचं दोन गोष्टींवर ठरेल. इंजिनाचा टायमिंग बेल्ट (आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) तेलात बुडालेला असतो त्या प्रकारचा आहे का, आणि असेल तर तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या आहेत का. पावत्या नसतील तर बेल्ट बदलायचा खर्च किमतीतून कापून माग. आणि आधीचा मालक गावातल्या गावात फिरवायचा की लांब, तेही विचार. डिझेलच्या धुरातली काजळी धरणारा फिल्टर छोट्या फेऱ्यांनी तुंबतो. १,२१,००० मैल मोटरवेवर झाले असतील तर मला त्याची चिंता नाही.

त्या गाडीचं कमाल वजन ३ टनांच्या वर असेल तर एमओटी वेगळ्या वर्गाची लागते, सगळी गॅरेजं ती करत नाहीत. तुझ्या जवळपास कोण करतं ते विचारून ठेव.

शनिवारी मी मोकळा आहे, येतो. टॉर्च आणि जुनी चादर माझ्याकडे आहे, खाली झोपून बघू. तू फक्त मालकाला आज फोन करून सांग की आम्ही ९ वाजता येतोय, आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका. इंजिन गार असताना पहिला आवाज मला ऐकायचाय.